माल एक, नावं दोन: देवासचं गिऱ्हाईक काय शोधतं?

मंडळी, सुक्या मासळीला बर्फ लागत नाही. म्हणजे आपला माल धार-देवासपर्यंतही जाऊ शकतो. पवारांच्या या जुन्या संस्थानांत मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. पण गूगलवर ती आपल्याला शोधणार कशी?

देवास शहर एकच, पण तिथे गाद्या दोन होत्या: थोरली पाती आणि धाकटी पाती. मासळीचंही तसंच. आपण सुकट म्हणतो, तिकडची सून "सूखा झींगा" लिहील. आपला बोंबील कुणाला "बॉम्बे डक" म्हणूनच ठाऊक. आणि आपण लिहितो काय? "दर्जेदार मासळी मिळेल." हे कोण शोधतं?

म्हणून विक्रीसाठी लेख लिहिताना एवढं करा:

• एका लेखात एकच मासा. मथळाच असा द्या: "सुके बोंबील देवासला कसे मागवाल?"
• पहिल्या दोन ओळींत तेच नाव, बाकीची नावं पुढे ओघात येऊ द्या.
• वलांडीवर सुकवले की वाळूत, वजन किती, भाव काय, टिकतील किती, तेही लिहा. गिऱ्हाईक हेच विचारतं.
• एकच शब्द वीसदा कोंबू नका, गूगल त्याला स्पॅम धरतं. पानामागे लपवलेली कीवर्डची यादीही ते क्रमवारीसाठी बघत नाही, हे त्यांनी २००९ सालीच सांगितलंय.

शब्द कुठून आणायचे? गूगलवर "सुके" लिहा, खाली काय सुचतं ते बघा. आणि बाजारात बसणाऱ्या आपल्या बायकांना विचारा. गिऱ्हाइकाची भाषा त्यांच्याइतकी कुणाला कळते?