दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत

घरासाठी एनएएस, म्हणजे नेटवर्कवरची साठवणपेटी, घ्यायला निघालेल्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दोन डिस्कवालं घेतोय, म्हणजे बॅकअपची चिंताच मिटली." दुकानदारही मान डोलावतो. हे साफ चूक आहे. या समजापायी लोक मुलांच्या लहानपणाचे फोटो कायमचे गमावतात, म्हणून कितीही वेळा सांगावं लागलं तरी सांगायला हवं.

अशा पेटीत सहसा 'रेड-१' ही रचना असते. एका डिस्कवर जे लिहिलं जातं, तेच त्याच क्षणी दुसरीवर. रेडची कल्पना १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरल्या आणि त्यातली एखादी बंद पडली, तर काम कसं चालू ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर रेड चोख देतं. पण तुम्ही चुकून फोल्डर पुसलंत, तर ते दोन्हीकडून पुसलं जातं. खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर त्याही दोन्हीकडे. पेटी चोरीला गेली किंवा वीज कडाडून जळली, तर दोन्ही डिस्क तिच्यातच.

हे पुस्तकी भय नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या हल्ल्यात जगभरच्या क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांमधल्या फाइली पासवर्डखाली अडकल्या, सुटकेसाठी ०.०१ बिटकॉइनची मागणी होती. त्याच जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या 'माय बुक लाइव्ह' पेट्या इंटरनेटवरून कुणीतरी पुसून टाकल्या. त्यात दोन डिस्कचं 'ड्युओ' मॉडेलही होतं. दुसऱ्या डिस्कने कुणाला वाचवलं?

बजेट दोनच डिस्कचं असेल, तर एक पेटीत घाला आणि दुसरी यूएसबीची घ्या. दर आठवड्याला प्रत काढायची, केबल काढून कपाटात ठेवायची. अगदी निवडक फोटोंची आणखी एक प्रत क्लाउडवर किंवा भावाच्या घरी. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर: हा ३-२-१ नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला आणि अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनेही तो सुचवला आहे.

असेच आणखी काही समज. "कुठलीही डिस्क चालते." नाही. एसएमआर डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. बंद पडलेल्या डिस्कच्या जागी अशी डिस्क घालून रेड पुन्हा उभं करायला फार वेळ लागू शकतो. एनएएससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर निघाल्याचं २०२० मध्ये उघड झालं. तेव्हा तपशिलात 'सीएमआर', म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेली डिस्क, असं लिहिलंय का, ते बघूनच पैसे द्या.

"महाग पेटी जास्त वेगवान." घरचा राउटर गिगाबिटचा असेल, तर सेकंदाला १२५ मेगाबाइटच्या वर काही जात नाही. तेवढा वेग साधी हार्ड डिस्कही देते.

"नवीन यंत्रच लागतं." धडधाकट जुन्या संगणकाचं एनएएस करणारं ओपनमीडियाव्हॉल्ट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

"विजेचं बिल फुगेल." २० वॉटची पेटी अहोरात्र चालली, तरी महिन्याला साधारण पंधरा युनिटं. त्याहून निकडीचा खर्च छोट्या यूपीएसचा: लिहिणं चालू असताना वीज गेली, तर फाइल अर्धवट राहते, दोन्ही डिस्कवर.