पिकण्याची वाट

सकाळचे नऊ वाजत आलेत. शहाद्याकडून येणाऱ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकामागे एक उभ्या आहेत. हवेत मळीचा आंबूस-गोड वास. पुरुषोत्तमनगर साखर कारखान्याभोवती वसलेलं. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ, दक्षिणेला तापी. मार्च लागलाय. पत्र्याची शेड आत्ताच तापली आहे.

शेडसमोर मंडप आहे. डोळे तपासणीची रांग मंडपाबाहेर उन्हात आली आहे. पांढऱ्या टोप्या, नऊवारीचे पदर, खांद्यावर टॉवेल. पुष्कळांनी कपाळावर आडवा हात धरलाय. पुढच्याचा खांदा धरून सरकणारेही आहेत. आशाताई यादी घेऊन नावं पुकारतात.

पहिला थांबा तक्त्याचा. अक्षर न येणाऱ्यांसाठी तिथे इंग्रजी 'ई' आहे, कुठे आडवा, कुठे उलटा.

"आजी, फाटे कोणीकडे?"

आजी दाखवायला हात उचलतात. पण वरची ओळही जमत नाही. हात हवेतच राहतो. "डोयासमोर धुकं दिखस," त्या म्हणतात. मग बोटं मोजायला सांगतात. तीन मीटरवरून चुकतं, एका मीटरवरून जमतं.

मी पुढे सरकतो. तपासनीस एका आजोबांच्या डोळ्यात बॅटरी मारतो. काळी दिसायला हवी ती बाहुली राखाडी-पांढरी दिसते. बाहुलीच्या मागे डोळ्याचं भिंग असतं. जेमतेम नऊ मिलिमीटर रुंद, दोन भाग पाणी आणि एक भाग प्रथिनं. ही प्रथिनं नीट रचलेली असतात, म्हणून प्रकाश आरपार जातो. वय वाढतं तशी ती बिघडून एकमेकांना चिकटतात. अंडं उकडताना पांढरा बलक धूसर होतो, तसं भिंग धूसर होतं. हाच मोतीबिंदू. वर वाढलेला पडदा नव्हे. म्हणूनच कुठल्याही थेंबाने तो विरघळत नाही.

बाकावर बसलेले एक निवृत्त गुरुजी खुशीत आहेत. गेल्या वर्षापासून पेपर बिनचष्म्याचा वाचता येतो. डॉक्टर ऐकून घेतात आणि सांगतात, भिंगाचा गाभा घट्ट होताना जवळचं काही काळ असं स्पष्ट दिसतं. लांबचं मात्र पुसट होत जातं. गुरुजी चष्म्याची रिकामी डबी बंडीच्या खिशात ठेवतात.

अकरा वाजतात. पंख्याची हवा गरम लागते. साखर आणि रक्तदाब मोजायच्या टेबलाशी गर्दी आहे. इथे वय कमी कमी होत जातं. पंचेचाळिशीचा ट्रॅक्टरचालक सांगतो, रात्री समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यात फुटतो. बोटाला सुई टोचतात. साखर वाढलेली. मधुमेहात मोतीबिंदू लवकर येतो. त्याच्या खिशात विडीचं बंडल आहे. तंबाखूचा धूरही भिंगाला सोसत नाही.

त्याच्यामागे विशीतला मुलगा. लहानपणापासून उन्हाळ्यात डोळे खाजतात. औषधाच्या दुकानातून दरवेळी तीच बाटली आणली, कारण लगेच थंड वाटायचं. बाटलीत स्टेरॉइड आहे. चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं घातलेल्या या थेंबांनीही मोतीबिंदू होतो. आणखी एकाला लहानपणी विटी लागली होती, त्याच डोळ्यात तो वाढला. एक आई तान्हं बाळ घेऊन आली आहे. त्याची बाहुली जन्मापासून पांढरी. त्याला रांग नाही. आरोग्यसेविका त्याला थेट आत नेतात. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाला असं होऊ शकतं. राज्यात २०१८च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लशीची मोहीम झाली, ती यासाठीही.

तरी रांग मुख्यतः पन्नाशी ओलांडलेल्यांचीच, आणि तिच्यात बायका जास्त. मोतीबिंदू बायकांमध्ये थोडा अधिकच आढळतो. चुलीच्या धुराशी त्याचा संबंध भारत-नेपाळातल्या अभ्यासांत दिसला आहे. बाहेर आयुष्यभराचं ऊन असतं, कापूस वेचताना, ऊस तोडताना. उन्हातले अतिनील किरण भिंगाची झीज वाढवतात. रुंद काठाची टोपी आणि चांगला गॉगल थोडं वाचवतात. इथे डोक्यावर पदरच आहे.

दुपारी थेंबांचा बाक. डोळे मिटून माणसं ओळीने बसली आहेत. बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो. कुणीतरी माठातलं पाणी फिरवतं. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या शंभर अंधांपैकी सुमारे ६६ जणांच्या अंधत्वाचं कारण मोतीबिंदू निघालं. म्हणजे शंभरातल्या त्या ६६ जणांवर उपाय होता. साधारण पंधरा-वीस मिनिटांची शस्त्रक्रिया, धूसर भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग.

मग इतकी वर्षं का थांबले? आजोबा सांगतात, "आजून पिकना नही." बाकावरच्या बऱ्याच माना हलतात. डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात. पिकायची गरज नाही, रोजचं काम अडायला लागलं की काढायचा. फार पिकला तर भिंग टणक होतं, फुगतं, डोळ्यातला दाब चढतो. त्याने नस गेली तर मग शस्त्रक्रियेनेही नजर येत नाही.

शस्त्रक्रिया ठरलेल्यांच्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा लावतात. उजवा डोळा, उजवी भुवई. सकाळच्या आजींचंही नाव निघतं. त्या मान हलवतात. मुलगा-सून ऊसतोडीवर, कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, दोन नातवंडं. हंगाम संपल्यावर येईन. आशाताई वाद घालत नाहीत. मुलाला फोन लावतात, शस्त्रक्रियेला पैसे लागणार नाहीत आणि जाणं-येणं गाडीनेच आहे, हे दोनदा सांगतात. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज, मग थोडा वेळ काहीच नाही. मुलगा म्हणतो, दोन दिवस बायको कोपीवर थांबेल.

आशाताई यादीत नाव लिहितात. डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे. त्याच्या तपासणीचा महिना त्या आत्ताच समोर लिहून ठेवतात, म्हणजे त्या डोळ्यासाठी पुन्हा कुणाला थांबावं लागणार नाही.