चिमूटभर पॉलिमरचा आधार

द्रवस्फटिक द्रवासारखा वाहतो, तरी त्याचे लांबट रेणू एकाच दिशेने तोंड करून राहतात. प्रागमध्ये फ्रीड्रिख रायनिट्झर यांना 1888 मध्ये हा चमत्कार दिसला : त्यांचा पदार्थ 145.5 अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झाला आणि 178.5 अंशांना नितळ. एलसीडीचा पडदा याच मधल्या अवस्थेवर चालतो. विजेचा दाब दिला की रेणू कलतात आणि प्रकाश अडतो किंवा पार जातो. पण अनेक टीव्हींच्या पडद्यांत हे रेणू काचेवर सरळ उभे असतात. दाब येताच कुणी इकडे पडतो, कुणी तिकडे, आणि चित्र स्थिरावायला वेळ लागतो. पूर्वी त्यांना दिशा देण्यासाठी काचेवर बारीक उंचवटे घडवत. त्यांच्याभोवती प्रकाश झिरपे आणि काळा रंग फिका पडे. त्यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो. द्रवस्फटिकात एक टक्क्याहूनही कमी मोनोमर मिसळायचा, दाब देऊन रेणू हव्या त्या बाजूला कलवायचे आणि तसेच ठेवून अतिनील किरण सोडायचे. मोनोमर जुळून काचेलगत पॉलिमरचा पातळ थर बसतो. दाब काढल्यावरही रेणूंमध्ये किंचित कल उरतो, पुढच्या वेळी सगळे एकाच बाजूला वळतात आणि उंचवट्यांची गरज संपते.

हे यश पॉलिमर घातल्याचे जितके आहे, तितकेच ते थोडे घातल्याचे आहे. जपानच्या क्यूशू विद्यापीठातील हिरोत्सुगु किकुची आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये, एरवी जेमतेम अंशभराच्या पट्ट्यात टिकणारी ‘ब्लू फेज’ ही द्रवस्फटिकाची अवस्था पॉलिमरच्या जाळ्याने 60 अंशांहून मोठ्या तापमानपट्ट्यात टिकवली. ती मिलिसेकंदाच्या आत प्रतिसाद देते. सॅमसंगने 2008 मध्ये तिचा नमुना पडदाही दाखवला. पण तिथे पॉलिमर बरेच जास्त लागते. ते जाळे रेणूंना घट्ट धरते, म्हणून विजेचा दाबही जास्त द्यावा लागतो.

आता स्वयंप्रकाशी ओएलईडी आल्यावर हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. टीव्हीपुरता हा आक्षेप वजनदार आहे. खिडकीच्या काचेला मात्र तो लागू नाही, कारण तिथे बाहेरून येणारा प्रकाशच आवरायचा असतो. नेहमीच्या पॉलिमर-विखुरित काचेत पॉलिमर भरपूर असते आणि ती पारदर्शक ठेवायला वीज सतत लागते. वीज गेली की ती दुधाळ होते. थोड्या पॉलिमरने स्थिर केलेली काच उलट वागेल अशी बनवता येते : एरवी स्वच्छ, वीज दिल्यावर दुधाळ. गाडीच्या काचेसाठी मी हीच निवडेन, कारण वीज गेली तरी समोरचा रस्ता दिसत राहतो.