बसस्टँडवरच्या माणसाचा जमाखर्च

आमच्या तालुक्याच्या बसस्टँडवर एक माणूस राहत असे. लोक त्याला वेडा म्हणत. ते माझे मोठेबाबा. माझ्या बापाचे सख्खे मोठे भाऊ. लाकडाच्या डेपोत हमाली करणारा हा धट्टाकट्टा माणूस एके वर्षी स्वतःशीच बोलू लागला, रात्री उठून जंगलाकडे चालू लागला. मोठ्याआईने दोन बकऱ्या विकून त्यांना मोठ्या शहराच्या सरकारी दवाखान्यात नेले. महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या, माणूस सुधारला. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या दवाखान्यात गोळ्या नव्हत्या. पुन्हा शहरात जायचे तर दोघांच्या भाड्यात चार दिवसांची मजुरी जात होती. गोळ्या सुटल्या, मग घर सुटले. एका डिसेंबरात ते बसस्टँडवरच गेले. कागदावर नोंद झाली ती 'बेवारस' अशी. घर तिथून तीन कोसांवर होते.

मी शिकलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो, कॉलेजात शिकवू लागलो. तेव्हा मनात आले की या आजारावर सरकार आमच्या भागात काय खर्च करते ते विचारून पाहावे. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. पहिल्या कचेरीने तो दुसरीकडे पाठवला, दुसरीने तिसरीकडे. शेवटी एक पान आले. त्यावर प्राप्त अनुदान, झालेला खर्च आणि टक्केवारी: शंभर. मी ते मायला वाचून दाखवले. माय म्हणाली, "पैसा सारा खर्च झाला म्हनतेत, तं मंग गोळी कोठं गेली बापू?"

या लेखात मला मायच्या प्रश्नाचीच फोड करायची आहे. सरकारी पैशाविषयी आपण कार्यकर्ते पुष्कळ बोलतो, पण हिशेब वाचायला बसत नाही. हिशेब ही वरच्यांची विद्या आहे असा आपला एक जुना समज आहे. बाबासाहेबांना तो मान्य नव्हता. रुपयाच्या प्रश्नावर आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेवर त्यांनी ग्रंथ लिहिले. १९४९ च्या मे महिन्यात घटना समितीत बोलताना त्यांनी महालेखापरीक्षकाचे काम न्यायसंस्थेच्या कामाहूनही महत्त्वाचे ठरवले. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, ज्या चांद्याला त्यांनी दीक्षा दिली, त्या चांद्याच्या मातीतल्या माणसांना तरी जमाखर्च परका वाटू नये.

आधी कायदा काय देतो ते पाहू. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या अठराव्या कलमाने प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क दिला. दारिद्र्यरेषेखालचा माणूस, निराधार आणि बेघर यांना सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत. त्यासाठी पिवळे कार्ड हाती असण्याची अट नाही. यादीतली आवश्यक औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर मोफत आणि सतत मिळाली पाहिजेत. शंभरावे कलम पोलिसांसाठी आहे. मनोरुग्ण रस्त्यावर भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घ्यावे, चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात पोचवावे, कोठडीत ठेवू नये, घरच्यांचा शोध घ्यावा. म्हणजे माझ्या मोठेबाबांसारख्या माणसाच्या वाट्याचा प्रत्येक घास या कायद्यात लिहिलेला आहे.

मग तो ताटात का पडत नाही? याचे एक मोठे कारण असे, की या माणसाचे एक खाते कुठेच नाही. तो आजारी आहे म्हणून आरोग्य खात्याचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने आला; त्याचा पैसा त्या वाटेने येतो. तो बेघर आहे म्हणून नगरपालिकेचा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर लाख वस्तीमागे निदान शंभर माणसांच्या निवाऱ्याचा दंडक होता. तो दलित किंवा आदिवासी आहे म्हणून समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाचा. आणि अशा माणसाला 'भिकारी' म्हणून उचलायला १९५९ चा भिक्षाप्रतिबंधक कायदाही आहेच. तीन दारांच्या तीन वह्या; एका वहीतला माणूस दुसरीत सापडत नाही, आणि प्रत्येक कचेरी सांगते की हा विषय शेजारचा.

शिवाय मोजणीत तो निसटतो. २०११ च्या जनगणनेत बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार माणसे नोंदली गेली. त्याच जनगणनेत चंद्रपूर शहराची वस्ती ३ लाख २० हजार होती, म्हणजे वरच्या दंडकाने तीनशेवर माणसांचा निवारा. गडचिरोली शहर ५४ हजारांचे. खेड्यातून निघून तालुक्याच्या बसस्टँडवर पडलेला माणूस तर या शहरी मापात बसतच नाही. मानसिक आजाराचे २०१५-१६ चे राष्ट्रीय सर्वेक्षण बारा राज्यांत झाले, त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यात दिसले की बहुतेक मानसिक आजारांत शंभरातल्या सत्तराहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोचत नाहीत. आपल्या राज्यात जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. सिरोंच्याच्या माणसाला नागपूर तीनशे किलोमीटरांच्या वर पडते.

आता हिशेब कसा वाचावा. अर्थसंकल्पात प्रत्येक कामाला लेखाशीर्ष असते. २२१० हे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्याचे, २२१६ गृहनिर्माणाचे, २२२५ मागासवर्गीयांच्या कल्याणाचे. त्यांच्या पोटात ७८९ हा आकडा दिसला तर ती रक्कम अनुसूचित जातींच्या घटक योजनेची, आणि ७९६ दिसला तर आदिवासी उपयोजनेची. हे दोन आकडे प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावेत. मग चार शब्द वेगळे करावेत. तरतूद म्हणजे विधिमंडळाने मंजूर केलेली रक्कम. वितरण म्हणजे त्यातली खाली सोडलेली रक्कम. खर्च म्हणजे कोषागारातून निघालेली रक्कम. आणि काम म्हणजे माणसाच्या हातात पडलेली गोळी. पहिल्या तिघांचे कागद असतात, चौथ्याचा शोधावा लागतो. अनुदान मार्चअखेर उशिरा आले आणि घाईने एखाद्या खरेदीत गेले, तरी टक्केवारी शंभरच येते. माझ्या हातातले पान खोटे असेलच असे नाही. त्यावर मायच्या प्रश्नाचा रकानाच नव्हता.

म्हणून रक्कम विचारून थांबू नये. औषधाची साठा नोंदवही मागावी: कोणती गोळी किती आली, किती वाटली, किती दिवस साठा शून्य होता. तालुक्याला येणाऱ्या पथकाच्या गाडीचे लॉगबुक मागावे. किती पदे मंजूर, किती भरलेली, ते मागावे. शंभराव्या कलमाखाली पोलीस ठाण्याने वर्षात किती जणांना दवाखान्यात नेले तो आकडा मागावा. रुग्णाचे नाव मात्र कधीही मागू नये. ती त्याची अब्रू आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात नक्कल घेण्याइतकाच कचेरीत बसून वही पाहण्याचाही हक्क आहे. उत्तराला मुदत तीस दिवसांची. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. आणि चौथ्या कलमाप्रमाणे तरतूद, खर्च व लाभार्थी ही माहिती कचेरीने न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी एक थैली आहे. कोळसा, चुनखडी, लोहखनिज आपल्या पायांखालून निघते. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणवाल्यांनी स्वामित्वधनाच्या प्रमाणात त्यात पैसा भरायचा. त्याच्या अग्रक्रमाच्या कामांत आरोग्य आहे, वृद्ध आणि अपंग यांचे कल्याण आहे. अनुसूचित क्षेत्रात या कामांना ग्रामसभेची मान्यता लागते. एखाद्या ग्रामसभेने 'आमच्या तालुक्याला मनोरुग्णांच्या गोळ्या आणि दहा खाटांचा निवारा पाहिजे' असा ठराव का करू नये?

संकेतस्थळावर आकडे टाकले की पारदर्शकता झाली असे अधिकारी मानतात. बसस्टँडवरच्या माणसाला ते संकेतस्थळ काय कामाचे? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू विकू लागली. खाते ग्रामसभेचे, हिशेब ग्रामसभेपुढे. ज्याचा पैसा त्याच्या कानावर हिशेब पडला पाहिजे, ही रीत आपल्याच जंगलात आहे. आरोग्याच्या पैशाला ती लावायची आहे.

यात अडचण एकच. बांबूचा हिशेब विचारायला गाव आहे. मोठेबाबांच्या मागे कोणी नव्हते. आम्हीसुद्धा लाजेने त्यांच्याकडे पाठ फिरवून एस.टी.त चढत होतो. ती लाज मी अजून विसरलेलो नाही. यंदा माझ्या वर्गातल्या मुलांना सोबत घेऊन तालुक्याच्या साठा नोंदवहीची पाहणी मागणारा नवा अर्ज मी टाकला आहे. मायने अंगठा पुढे केला होता. सही माझी लागते असे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "तं मग त्यात भासऱ्याचं नाव तरी लिही. बेवारस नोको लिहू."