बोडी, बोड़ी आणि बोडि : काळ्या पडद्याला मराठी शिकवताना

समजा, तुमच्या कॉलेजचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर यंदा गोंदिया तालुक्यातल्या कामठ्याला लागलंय. सकाळी श्रमदान, दुपारी पाहणी. घरोघरी जायचं, ‘धानाला पाणी कुठून देता?’ असं विचारायचं आणि उत्तर मोबाइलवर लिहून घ्यायचं. शेवटच्या रात्री बारा जणांच्या बारा फायली गोळा होतात. सगळ्या मिळून सहाशे ओळी. आणि सर म्हणतात, ‘उद्या समारोपाला सरपंच येणार आहेत. किती शेतकरी बोडीच्या पाण्यावर आहेत, तेवढं काढून ठेवा रे.’

आता काय कराल? एक जण मोबाइलवर बोट सरकवत मोजायला बसेल आणि दोनशेव्या ओळीला त्याचा आकडा चुकेल. दुसरा म्हणेल, लॅपटॉप असता तर एक्सेलमध्ये केलं असतं. तिसरी म्हणेल, टाक ना एआयमध्ये! जरा थांबा. त्या फाइलीत लोकांची नावं आहेत, फोन नंबर आहेत, कुणाची किती एकर शेती तेही आहे. लोकांनी ते तुमच्यावर भरवसा ठेवून सांगितलंय. ते असं कुठेही चढवून द्यायचं का?

चौथा मार्ग तुमच्या खिशात आहे. पिक्चरमधले हॅकर ज्याच्यासमोर बसून खटाखट टाइप करतात तो काळा पडदा. त्याचं साधं नाव टर्मिनल. लिनक्सवर आणि मॅकवर तो असतोच. विंडोजवर डब्ल्यूएसएल घेतलं की मिळतो. आणि अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ नावाचं फुकट अॅप आहे. ते एफ-ड्रॉइडवरून घ्या. एकदा बसवलं की पुढच्या कामाला नेटही लागत नाही, त्यामुळे फाइल फोनच्या बाहेर जायचा प्रश्नच नाही.

छोटी हत्यारं, एकेक काम

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे कमांड देवनागरीत लिहिल्यात. तुम्ही त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. आकडेही इंग्रजी.

टर्मिनलमधली मजा अशी, की इथे एकच भलंमोठं सॉफ्टवेअर नसतं. छोटी छोटी हत्यारं असतात आणि प्रत्येकाला एकच काम येतं. ‘कॅट’ फायली एकापुढे एक जोडतो. ‘लेस’ मोठी फाइल पानापानाने दाखवतो. ‘डब्ल्यूसी’ मोजतो. ‘कट’ हवा तो रकाना कापून काढतो. ‘सॉर्ट’ क्रम लावतो. ‘युनिक’ (स्पेलिंग यू-एन-आय-क्यू एवढंच) एकसारख्या ओळींची एक ओळ करतो आणि सांगितलं तर त्या किती होत्या तेही मोजतो.

ही हत्यारं जोडायची ती एका उभ्या रेघेने. तिला पाइप म्हणतात. आपल्याकडे मोटारीचं पाणी पाइपातून बांधीत जातं, तसं एका कमांडचं उत्तर पाइपातून पुढच्या कमांडच्या तोंडात जातं.

आधी बारा फायली एक करू :

कॅट *.टीएक्सटी > पाहणी

प्रत्येक ओळीत नाव, फोन, पाण्याचं साधन आणि एकर असे चार रकाने आहेत, मध्ये स्वल्पविराम आहे, असं धरू. आपल्याला तिसरा रकाना हवा :

कट -डी, -एफ३ पाहणी | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन

म्हणजे काय? तिसरा रकाना काप, क्रम लाव, सारख्या ओळी मोज, मोठा आकडा वर ठेव. मधला सॉर्ट विसरू नका. युनिकला फक्त शेजारशेजारच्या ओळीच ओळखता येतात. नावाच्या रकान्यात कुणी जादा स्वल्पविराम टाकला असेल, तर त्या ओळीचे रकाने सरकतात, तेही बघा.

एंटर दाबलं की क्षणात उत्तर. समजा, ते असं आलं :

१८२ विहीर
९६ बोडी
२६ बोड़ी
१५ बोड़ी
९ बोडि

पन्नास शेतकरी कुठे गेले?

नीट बघा. ‘बोडी’ एवढंच शोधून मोजलं असतं, तर सरपंचांना तुम्ही ९६ सांगितलं असतं. खरे आहेत १४६. पन्नास शेतकरी फक्त लिहिण्याच्या फरकामुळे यादीतून गळाले असते. बोडी खोल करायच्या की नवीन बोअरवेल मारायची, असा विषय उद्या ग्रामसभेत निघाला, तर हे पन्नास त्या चर्चेत नसतेच.

‘बोडि’ ही साधी ऱ्हस्व-दीर्घाची चूक. ‘बोड़ी’ मात्र आपल्या भागाची गंमत. गोंदियात अर्धी पोरं हिंदी कीबोर्ड वापरतात आणि त्यात ‘ड’खाली नुक्ता सहज येतो. पण ‘बोड़ी’ दोनदा का आलं? दिसायला तर दोन्ही एकच.

कारण ‘ड़’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक तर अख्खा ‘ड़’ म्हणून, नाहीतर ‘ड’ आणि त्यापुढे वेगळा नुक्ता म्हणून. डोळ्याला फरक कळत नाही, यंत्राला कळतो. पडताळायचं असेल तर दोन्ही शब्द वेगवेगळे ‘डब्ल्यूसी -सी’ला द्या. तो अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘कामठा’ आपल्याला तीन अक्षरी वाटतो. यंत्राला त्यात पाच चिन्हं दिसतात, क, काना, म, ठ, काना, म्हणून १५ बाइट. ओळ संपल्याची खूण धरून उत्तर येतं १६. तसंच एक ‘बोड़ी’ १३ निघेल, दुसरी १६.

आता दुरुस्ती. त्यासाठी ‘सेड’ (एस-ई-डी). तो एका शब्दाच्या जागी दुसरा घालतो :

सेड 'एस/बोडि/बोडी/' पाहणी > पाहणी२

असंच दोन्ही ‘बोड़ी’साठी. चुकीचा शब्द टाइप करू नका, पडद्यावरूनच कॉपी करून पेस्ट करा, नाहीतर तुमचा कीबोर्ड तिसराच प्रकार घालेल. आणि दर वेळी उत्तर नव्या फाइलीत घ्या. मूळ पाहणीला हात लावायचा नाही.

आणखी एक फास. कुणी एकर ‘५’ लिहिलेत, कुणी इंग्रजी आकड्यात. आकड्यांचा क्रम लावताना सॉर्टला मराठी आकडे आकडे वाटतच नाहीत. आधी सेडने सगळे आकडे एकाच लिपीत आणा, मगच पुढचा हिशेब करा.

कामठा, कामठी आणि कामठ्यात

आता शोधायचं हत्यार : ‘ग्रेप’ (जी-आर-ई-पी). दिलेला शब्द ज्या ज्या ओळीत आहे ती ओळ ते दाखवतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास ते वापरात आणलं. विशेष म्हणजे एनएसएस आणि युनिक्स दोघांचाही जन्म १९६९ चा!

ग्रेप इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातून घडलं, मराठी व्याकरण त्याला ठाऊक नाही. ‘कामठा’ शोधलं तर ‘कामठ्यात’, ‘कामठ्याला’, ‘कामठ्याचे’ या ओळी सुटतात, कारण विभक्ती लागली की शब्दच बदलतो. बरं, नुसतं ‘कामठ’ शोधावं, तर नागपूरजवळची कामठी येऊन बसते. उपाय सोपा आहे :

ग्रेप -ई 'कामठा|कामठ्या' यादी

इथला ‘ई’ कॅपिटल. अवतरणातली उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. सामान्यरूप तुम्ही शाळेत मार्कांसाठी शिकलात, ते इथे कामाला येतं. हीच युक्ती स्वतःच्या आडनावावर, तालुक्याच्या नावावर करून बघा.

भरतीच्या, शिष्यवृत्तीच्या लांबलचक पीडीएफ याद्यांनाही हे लागू आहे. टर्मक्समध्ये ‘पॉपलर’ बसवलं की ‘पीडीएफटूटेक्स्ट’ मिळतं. ते यादीचा साधा मजकूर करून देतं, मग ग्रेप लावा. तरीही डोळ्याला दिसणारं नाव सापडलं नाही, तर घाबरू नका. यादी कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असू शकते. तिथे आत इंग्रजी अक्षरं असतात, फाँट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. आधी ती युनिकोडमध्ये बदलावी लागते. यादी स्कॅन केलेली असेल, तर आत मजकूरच नसतो, नुसता फोटो असतो. म्हणजे ‘सापडलं नाही’चा अर्थ दर वेळी ‘तुमचं नाव नाही’ असा होत नाही. हरकत घ्यायची मुदत चालू असताना एवढं माहीत असलेलं बरं.

नॅनो की विम?

फाइल हाताने दुरुस्त करायला एडिटर लागतो. सुरुवात ‘नॅनो’ने करा. काय दाबायचं ते खाली लिहिलेलंच असतं : कंट्रोल-ओ म्हणजे सेव्ह, कंट्रोल-एक्स म्हणजे बाहेर.

‘विम’ ताकदवान आहे, पण आत गेलेला बाहेर पडत नाही अशी त्याची ख्याती. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा ‘विममधून बाहेर कसं पडायचं’ हा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. उत्तर : एस्केप दाबा, मग अपूर्णविराम, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. बदल सेव्ह न करता बाहेर. विम १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी लोकांना दिलं. फुकट वापरा, आवडलं तर युगांडातल्या गरजू मुलांना मदत करा, एवढीच त्यांची विनंती. २०२३ मध्ये ते गेले, विम सुरू आहे.

एका कमांडशी मात्र मस्करी नको. ‘आरएम’ फाइल पुसते आणि इथे रिसायकल बिन नाही. कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली किंवा एआयने लिहून दिलेली कमांड तिचा अर्थ कळल्याशिवाय चालवू नका. ‘मॅन’ लिहून पुढे कमांडचं नाव टाका, तिची माहिती समोर येते.

कामठ्यापासून परमपर्यंत

एवढं शिकून काय मिळणार? पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक केला, हे तुम्ही जीकेच्या पुस्तकात वाचलंय. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळे लिनक्सवर चालतात. तिथेही शास्त्रज्ञ काळा पडदा उघडतात आणि हेच ग्रेप, सॉर्ट, सेड वापरतात. वेबसाइटचे सर्व्हर सांभाळणाऱ्याचंही रोजचं काम हेच. उद्या नागपूर-पुण्यात त्या खुर्चीत बसायचं असेल, तर सराव आज साध्या फोनवर करता येतो. क्लास नको, फी नको.

पण खरी कमाई दुसरीच आहे. त्याच पाहणीत कुणी ‘मामा तलाव’ लिहिलंय, कुणी ‘मा.मा. तलाव’, कुणी ‘मालगुजारी तलाव’. युनिक तीन ओळी दाखवेल आणि गप्प बसेल. तिन्ही म्हणजे माजी मालगुजारी तलावच, हे गोंदिया-भंडाऱ्याचं पोरगं क्षणात सांगेल. पण नुसतं ‘तलाव’ लिहिणाऱ्याचा तलाव कोणता? आणि ‘शेततळं’ लिहिणाऱ्याला बोडीच म्हणायचंय का? हे कुठलीच कमांड सांगणार नाही. त्या ओळी ग्रेपने वेगळ्या काढा, नावं कागदावर उतरवा आणि सकाळी समारोपाआधी त्या घरांत परत जाऊन विचारा. सहाशे घरं पुन्हा फिरायची गरज नाही, वीस-पंचवीस पुरतील. कोणती वीस-पंचवीस, ते रात्रीच कळलेलं असेल.

तोवर या रविवारी एक करा. फोनमधली कुठलीही यादी घ्या, मेसच्या वर्गणीची चालेल किंवा क्रिकेट टीमची. तिच्यावर सॉर्ट आणि युनिक चालवा. एकच नाव किती प्रकारांनी लिहिलंय ते मोजा. आकडा एकपेक्षा जास्त आला, तर आजवर त्या यादीवरून काढलेली प्रत्येक बेरीज एकदा तपासून बघा.