विश्लेषण : सलाइन सुरू असताना परिचारिका काय तपासतात?

सलाइनची बाटली टांगली की नातेवाइकांची नजर थेंबांवर खिळते. थेंब मंद वाटले की कुणीतरी नळीवरचे चाक हळूच फिरवते. बाटली लवकर संपेल आणि रुग्णाला लवकर तरतरी येईल, असा त्यामागचा हिशोब. सिस्टर रागावतात ते यामुळेच. सलाइन म्हणजे टॉनिक नव्हे. एक लिटर नॉर्मल सलाइनमध्ये ९ ग्रॅम मीठ असते आणि ते थेट रक्तात उतरते.

थेंबांचे गणित काय?

नेहमीच्या सेटमध्ये साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. ५०० मिलिलिटरची बाटली ४ तासांत द्यायची, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडायला हवेत. लहान मुलांसाठीच्या मायक्रो सेटमध्ये मात्र ६० थेंबांचा एक मिलिलिटर. रुग्णाने हात दुमडला तरी वेग बदलतो, म्हणून एकदा मोजून भागत नाही.

हातही चाचपून पाहिला जातो. सुई शिरेतून निसटली तर द्रव आजूबाजूला साचून जागा सुजते, थंड लागते. शिरेचा दाह झाला तर ती लाल, गरम आणि दोरीसारखी कडक होते. दोन्ही वेळा सुई काढावीच लागते.

डेंग्यूत जास्त काळजी का?

ताप उतरला म्हणजे संकट टळले, असे घरच्यांना वाटते. डेंग्यूत मात्र त्याच सुमारास काही रुग्णांच्या रक्तातील द्रव केशवाहिन्यांबाहेर झिरपू लागतो. नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. तेव्हा डॉक्टर सलाइन वाढवतात. पण साधारण २४ ते ४८ तासांनी तोच द्रव रक्तात परतू लागतो. तेव्हाही बाटल्या त्याच वेगाने चालू राहिल्या, तर फुप्फुसांत पाणी साचू शकते. कधी वाढवायचे आणि कधी थांबवायचे, हे ठरवताना डॉक्टरांची बरीच भिस्त परिचारिकांनी वेळोवेळी टिपलेल्या नाडी, रक्तदाब, श्वास आणि लघवीच्या नोंदींवर असते.

यातली लघवीची नोंद सर्वाधिक दुर्लक्षित. ६० किलो वजनाच्या माणसाला तासाला किमान ३० मिलिलिटर लघवी व्हावी, अशी ढोबळ अपेक्षा असते. नातेवाइकांनी भांडे न मोजताच रिकामे केले, तर हा आकडाच हाती लागत नाही.

सलाइन सुरू असताना आडवे पडल्यावर धाप लागली, नवा खोकला सुरू झाला किंवा सुईची जागा दुखू लागली, तर बाटली संपायची वाट न पाहता सिस्टरना बोलवावे. चाकाला हात लावू नये.