गृहोपयोगी वस्तूंतील कल्पकता

ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादातील चांदीची आगगाडी आमच्या पुष्कळ सभासदांनी पाहिली असेलच. भोजनाच्या मेजावर रुळांवरून ती फिरे व पाहुण्याने तिच्यावरील पात्र उचलताच आपोआप थांबे. ही योजना चतुर खरी. पण ती राजघरची. सामान्य संसारातील कल्पकता पाहावयाची तर आम्ही धान्याचे व्यापारी पुसा कोठीकडे बोट दाखवू.

दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या या कोठीत कच्च्या विटांच्या दोन भिंतींमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. त्यामुळे ओल व हवा आत शिरत नाही. धान्य वरून भरावे आणि खालच्या तोंडाने लागेल तेवढे काढावे. वारंवार झाकण उघडण्याचे कारण नाही. मात्र धान्य उन्हात कडकडीत वाळवून, निववून मगच भरले पाहिजे; दमट धान्य कोंडल्यास बुरशी धरते. कोरड्या धान्यात किडीची उत्पत्ती फारशी होत नाही, म्हणून विषारी औषधाचा प्रसंगही टळतो.

गृहिणीचे श्रम, अन्नाची नासाडी व जीवहिंसा ही तिन्ही जिच्यायोगे उणी होतात ती वस्तू उत्तम. घरात नवी वस्तू आणताना सभासद बंधुभगिनींनी हीच कसोटी लावावी, अशी आमची नम्र विनंती आहे.